हात कुठं ठेवायचा

नदीच्या काठाकाठानं चालत या. सफरचंदांचे हारे लादलेली गाढवं समोरून येतील, त्यांना वाट द्या. आनातोलियाच्या उत्तरेतलं हे अमास्या गाव. साल १४६५, दिवस शरदाचे, नदीचं नाव येशिलइर्माक. कॉन्स्टँटिनोपल पडून बारा वर्षं झाली आहेत. ते जिंकणारा सुलतान दुसरा मेहमद तिथूनच राज्य करतो आहे, आणि या गावचा कारभार त्याचा सतरा वर्षांचा मुलगा शहजादा बायेझीद पाहतो आहे.

तुम्हाला शहजाद्याच्या वाड्याकडे जायचं नाही. काठावरच्या त्या लांबट, बैठ्या दगडी इमारतीसमोर थांबा. दरवाज्यावरची नक्षी इतकी दाट आहे की मोकळा दगड शोधावा लागतो. कमानीच्या मधल्या दगडावर नजर न्या, तिथं गुडघे मोडून बसलेलं एक लहानसं माणूस कोरलेलं दिसेल. ही दारुश्शिफा, गावचा दवाखाना. इराणच्या इलखानी मोंगलांचा अंमल इथवर पोचला होता त्या काळात, १३०८-०९ मध्ये, सुलतान ओल्जायतूची बेगम इल्दुश खातून हिच्या नावानं तो बांधला गेला. बांधणाऱ्यांचं राज्य कधीच बुडालं. दवाखाना दीडशे वर्षांनंतरही चालू आहे.

आत या. मधे चौक, दोन्ही अंगांना कमानींच्या ओवऱ्या. ओवरीत माणसं बसली आहेत: गळ्याला गलगंड झालेली एक बाई, दंड छातीशी धरून बसलेला एक गवंडी, पोटाखाली अंतर्गळ उतरलेला म्हणून पाय फाकून टेकलेला एक हमाल. गुलाबतेलाचा आणि शिरक्याचा वास येतो आहे, आणि त्यांच्या खाली आणखी एक, जळक्या कातड्याचा. तो कोपऱ्यातल्या शेगडीकडून येतो. शेगडीत लोखंडी डागण्या तापत ठेवल्या आहेत, कुणाचं टोक गोल, कुणाचं सुरीसारखं, कुणाचं दोन शिंगांचं. डोकेदुखीला डाग, मणक्याच्या दुखण्याला डाग, अंतर्गळालाही डाग. या काळच्या शस्त्रवैद्यकात पहिला इलाज विस्तव आहे. इथं लिहिला जात असलेला शस्त्रक्रियेचा एक ग्रंथ पाहायला तुम्ही आला आहात; त्याच्या तीन भागांपैकी पहिला अख्खा भाग डागण्यांनाच दिलेला आहे. यातले बरेचसे डाग रोग्याला वेदनेपलीकडे काही देत नसत, हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो. मेळघाटात आजाऱ्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचा डंबा देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही, त्यामुळे या शेगडीकडे पाहून 'जुन्या काळचं' असं म्हणताना जीभ अडखळते. तरीही थांबा. याच शेगडीनं फुटलेली रक्तवाहिनी बंद करून किती जीव वाचवले असतील, तेही मनात धरून पुढे चला.

आतल्या खोलीत खिडकीखाली एक म्हातारा बसला आहे. वय ऐंशी. नाव शरफुद्दीन साबुंजुओलू. जन्म याच गावातला, १३८५ चा. आजोबा हकीम, वडील हकीम. याच दवाखान्यात त्यानं चौदा वर्षं रोगी तपासले, मधला काही काळ कास्तामोनूलाही काढला. अकरा वर्षांपूर्वी एका मोठ्या फारसी वैद्यकग्रंथाचा औषधयोगांचा भाग तुर्कीत आणून झाला आहे. आता तो त्याहून अवघड कामाला बसला आहे. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद. कागदाला खळ देऊन, घोटून घोटून असा गुळगुळीत केला आहे की बोरू अडत नाही. मजकूर काळ्या शाईत, मथळे तांबड्या शाईत. नुकतंच शाळेत बसलेलं मूल जसं पहिल्या पुस्तकाला जपतं तसा जपून तो प्रत्येक अक्षरावर वेलांट्या-मात्रांच्या खुणा देत चालला आहे, म्हणजे अरबी लिपीत जे स्वर वाचणाऱ्यानं आपले आपण भरायचे असतात तेही त्यानं लिहून ठेवले आहेत. अडखळत वाचणारा माणूस त्याच्या डोळ्यासमोर आहे, हे एवढ्यावरून कळतं.

मागून वाकून पान पाहा. पानावर चित्र आहे.

एक लांब बाक. बाकावर एक माणूस पालथा निजवलेला. त्याच्या काखांतून घेतलेला पट्टा डोक्याकडच्या रहाटाला बांधला आहे, कमरेवरून आणि पायांवरून घेतलेले पट्टे पायाकडच्या रहाटाला. दोन्ही टोकांना एकेक माणूस रहाट फिरवतो आहे. आणि मधे, पाठीच्या बाहेर आलेल्या मणक्याशी, शस्त्रवैद्य. निखळलेला मणका जागी बसवायची ही कृती आहे. चित्राला मागची भिंत नाही, जमीन नाही, झाड नाही, उजेडसावली नाही. चेहरे सगळे जवळपास एकाच घडणीचे. रेषा दरबारी चिताऱ्याची नाही, आणि म्हणूनच ही चित्रं साबुंजुओलूनं स्वतःच्या हातानं काढली असावीत असं अनेक अभ्यासकांना वाटतं. हत्यारं मात्र माणसांच्या मानानं मोठी, टोकं आणि धारा ठळक. काय बारकाईनं दाखवायचं आणि काय सोडून द्यायचं याचा निर्णय इथं फार विचारानं झालेला आहे. मला ही चित्रं सुंदर वाटतात ती त्यामुळेच. त्यांत एकही रेघ डोळ्याला रिझवण्यासाठी ओढलेली नाही.

म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूला एक ग्रंथ उघडा पडला आहे, तो अरबीतला. त्याचं मूळ या खोलीपासून युरोपच्या दुसऱ्या टोकाला आहे. स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ मदीनत अल-जहरा या राजनगरीत अबुल कासिम अल-जहरावी नावाचा वैद्य होऊन गेला. इसवी सन १००० च्या सुमारास त्यानं आपला तीस भागांचा 'किताब अल-तसरीफ' पुरा केला, आणि त्याचा शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेला दिला. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं आहेत: नस्तरं, आकडे, चिमटे, करवती, दात खरवडायची हत्यारं, मुतखडा काढायचं पातं, आणि गळू फोडताना रोगी घाबरू नये म्हणून बोटांच्या आड लपणारं एक छोटं पातं. बाराव्या शतकात तोलेदोला क्रेमोनाच्या गेरार्दनं हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि पुढची कित्येक शतकं युरोपातले शस्त्रवैद्य त्यावर शिकले. साबुंजुओलूचा ग्रंथ याच भागाच्या आधारानं चालतो. डागण्या, मग कापाकापी, मग हाडं आणि सांधे, हा क्रमही तोच. बरीचशी प्रकरणं सरळ भाषांतर आहेत, आणि हे लपवायचं कारण नाही.

पण अल-जहरावीची पानं उलटत जा. हत्यार आहे, हत्यारापुढे ते धरणारा हात नाही. करवत आहे, ती कोणत्या बाजूनं लावायची हे ओळींतून समजून घ्यायचं. जहरावीला ते पुरेसं वाटलं असणार, कारण तो सुशिक्षित वाचकासाठी लिहीत होता आणि हत्यार कसं घडवायचं हे लोहाराला दाखवणं ही त्याची निकड होती. साबुंजुओलूनं त्या मोकळ्या जागेत माणसं आणून बसवली. रोगी कसा बसेल, की निजेल, त्याचे गुडघे वर की खाली, मदतनीस एक की दोन, ते समोरून धरतील की मागून, शस्त्रवैद्याचा डावा हात काय करत असेल. सव्वाशेहून अधिक चित्रांत हेच आहे. शिवाय हत्यारांची दीडशेच्या वर चित्रं वेगळी. इस्लामी जगातल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत शस्त्रक्रिया चालू असतानाची माणसं अशी पानोपानी याआधी कुणी काढलेली आढळत नाहीत. शिराझच्या मन्सूर इब्न इलियासनं चौदाव्या शतकाच्या अखेरीस शरीररचनेची रंगीत चित्रं काढली होती खरी, नसा एका चित्रात, हाडं एका, रक्तवाहिन्या एका. पण ती एकटी उभी शरीरं आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही.

शस्त्रक्रिया हा बसण्या-धरण्याचा धंदा आहे. कुठल्याही हाडवैद्याला विचारा, निखळलेला खांदा बसवताना जोर किती लावला यापेक्षा जोर कुठून लावला हे तो आधी सांगेल. हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि मधला एखादा हात मेला की तुटतं. ऐंशी वर्षांच्या माणसाला ते आणखी तीव्रपणे कळत असणार. हे ज्ञान कागदावर कसं टिकवायचं, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर इस्लामी जगातल्या ग्रंथांत त्याच्या आधी कुणी दिलेलं आढळत नाही.

आणि ते त्यानं दिलं तुर्कीत. शास्त्राची भाषा अरबी, काव्याची फारसी, असं ठरलेलं असताना. कारण त्यानं ग्रंथातच सांगून ठेवलं आहे: या मुलखातली माणसं तुर्की बोलतात, आजचे बहुतेक शस्त्रवैद्य निरक्षर आहेत, आणि ज्यांना वाचता येतं तेही तुर्कीच वाचतात. ज्यांच्या हातात नस्तर आहे त्यांना ग्रंथ कळला पाहिजे. ज्याला अक्षर येत नाही त्याला निदान चित्र कळेल. विद्येची प्रतिष्ठा कशात आहे, याबद्दल त्याच्या मनात काही घोळ नव्हता.

आता चौकातून हाका ऐकू येतील. चला, तिकडे.

उन्हाच्या तिरिपेत एक म्हातारा शेतकरी मांडी घालून बसला आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पिकलेला. (हा शेतकरी तुमच्यासाठी मी इथं आणून बसवला आहे, कृती मात्र ग्रंथांत दिलेली आहे, पायरीपायरीनं.) तोंड उजेडाकडे. उजवा डोळा पट्टीनं घट्ट बांधून टाकला आहे, म्हणजे तो हलणार नाही आणि त्याच्याबरोबर हा दुसराही हलणार नाही. मागून एक शागीर्द त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून उभा. समोर जरा उंच बैठकीवर शस्त्रवैद्य.

"बाबा, नाकाच्या शेंड्याकडे पाहा," शागीर्द म्हणतो. "आता काही झालं तरी मान हलवायची नाही."

"दुखेल का?"

"दुखेल. थोडा वेळ."

डोळा डावा, म्हणून सुई उजव्या हातात. डाव्या हाताच्या बोटांनी पापणी वर धरलेली. सुई जाड नाही आणि फार अणकुचीदारही नाही. ती बुबुळावर टेकत नाही. बुबुळाच्या काळ्या कडेपासून एका सळईच्या जाडीइतकं अंतर सोडून, कानाकडच्या बाजूला, पांढऱ्यावर टेकते. मग तो ती दाबत, जराशी फिरवत आत नेतो. शेतकऱ्याचे पाय जमीन खरवडतात. हात मांडीवरच राहतात, कारण दुसऱ्या शागिर्दानं ते धरले आहेत. एका क्षणी शस्त्रवैद्याचा हात थांबतो. पुढची अडचण संपून सुई पोकळीत उतरल्याचं बोटांना कळलं आहे. आता वाकून तुम्हीही पाहा. बाहुलीच्या आत, पडद्यामागून, तांब्याची ती बारीक रेघ दिसते आहे. तो ती वर नेतो आणि पांढरा पिकलेला मोती खाली दाबतो. मोती जातो. सुई सैल केली की हळूच वर येतो. पुन्हा दाबतो. पुन्हा वर. तिसऱ्यांदा तो दाबून धरतो आणि कितीतरी वेळ धरूनच ठेवतो. मग सुई तशीच फिरवत फिरवत बाहेर.

डोळा सैंधवाच्या पाण्यानं धुतात. अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबतेल यांत भिजवलेला लोकरीचा बोळा ठेवतात आणि दोन्ही डोळे बांधून टाकतात. मग अंधाऱ्या खोलीत उताणं निजवायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, कूस बदलायची नाही. तिसऱ्या दिवशी त्याच अंधाऱ्या खोलीत पट्टी सोडून काही वस्तू दाखवायच्या आणि पुन्हा बांधायची.

यात मोती काढला जात नाही, फक्त बाहुलीसमोरून बाजूला होतो. डोळ्याचं भिंग गेल्यानं त्या माणसाला पुढे सगळं धूसरच दिसणार आहे. पण नातवाचा चेहरा कुठला आणि दरवाजा कुठला एवढं कळणार आहे. काहींचे डोळे पिकून कायमचे जातात, हेही खरं. ही रीत सुश्रुतसंहितेतही आहे. बगदादचा वजीर याह्या बरमकी याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीय वैद्यानं आठव्या शतकात सुश्रुताचा अरबीत अनुवाद केल्याची आणि तो तिथल्या दवाखान्यात वापरला गेल्याची नोंद इब्न अल-नदीमच्या ग्रंथसूचीत आहे. त्यामुळे या चौकात उभं राहून जे पाहिलं त्यात परकं वाटण्यासारखं फार थोडं आहे.

वेदनेचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात शेतकऱ्याचे पाय पाहतानाच आला असेल. साबुंजुओलूच्याही आला होता. लुफ्फाहच्या मुळाचा, म्हणजे ज्याला युरोपात मँड्रेक म्हणतात त्या झाडाच्या मुळाचा, रोग्याला गुंगी आणण्यासाठी उपयोग तो सांगतो. ते विषारी आहे. मात्रा चुकली तर गुंगीतून माणूस परत येत नाही. म्हणून अनेक चित्रांत रोग्याला धरणारी माणसं आहेत. वेदना कमी करणं त्या काळाच्या हातात फारसं नव्हतं, रोग्याला स्थिर ठेवणं होतं, आणि चित्रांनी तेही लपवलेलं नाही. या धरणाऱ्या माणसांकडे मी नेहमी जास्त वेळ पाहतो. त्यांना ग्रंथात नाव नाही, पण चित्रात जागा आहे, आणि ती जागा चुकली तर कृती फसते.

चौकाच्या पलीकडे एक पडदा आहे. तिथं तुम्हाला जाता येणार नाही, पण म्हाताऱ्याच्या पुढच्या पानांवर पाहता येईल. एका पानावर रोगी स्त्री आहे आणि हत्यार धरलेला हातही स्त्रीचाच आहे. डोक्यावरून वस्त्र घेतलेली ही तबीबा आहे. अडलेलं बाळंतपण, पोटातच मेलेलं मूल बाहेर काढणं, स्त्रियांचे गुप्त भागाचे विकार, या प्रकरणांत तबीबा पुन्हा पुन्हा येतात. अल-जहरावीनं स्त्रियांच्या मुतखड्याबद्दल लिहिताना अडचण सांगून ठेवली होती: बाई परक्या पुरुषासमोर अंग उघडं करायला तयार नसते, आणि ही विद्या जाणणारी स्त्री मिळणं दुर्मीळ. म्हणून शेवटी सुईणीला बोलावून तिला बाहेरून सांगत राहायचं, असा त्याचा तोडगा. साबुंजुओलूच्या चित्रांत स्त्री सांगितलेलं ऐकत बसलेली नाही. ती स्वतः काम करते आहे. पंधराव्या शतकातल्या आनातोलियात अशा बाया होत्या, त्यांना काम येत होतं, आणि एका म्हाताऱ्या हकिमाला त्या ग्रंथात यायला हव्यात असं वाटलं. एवढा पुरावा या रंगांत शिल्लक आहे. त्यांच्या बाजूनं दुसरा कागद फारसा उरलेला नसताना हे पान फार मोलाचं आहे.

आणि नीट पाहिलं तर तो नुसता भाषांतरकारही नाही. जागोजागी तो मूळ मजकूर थांबवतो आणि आपण काय केलं, काय पाहिलं ते घालतो. कुठल्या दुखण्याला हात लावू नये तेही सांगतो. ज्या मणक्याला बाहेरून हात पोचत नाही, जो आत सरकला आहे, त्याच्याशी झटू नये. रोग्याला मारून नाव खराब करून घेऊ नये, ही सावधगिरी सगळ्याच जुन्या ग्रंथांत असते. इथं ती अनुभवातून आलेली आहे, हे वाक्यांच्या वजनावरून जाणवतं. वाढलेल्या टॉन्सिलला आकडा लावून ओढायचं आणि कापायचं, पुरुषाची छाती बाईसारखी वाढली तर चीर कुठं द्यायची, जन्मतः शौचाची वाट बंद असलेल्या बाळाला वाट कशी करायची. शेवटचं प्रकरण वाचताना त्या बाळाची आई ओवरीत बसलेली दिसायला लागते.

ग्रंथ पुरा होतो. नाव 'जर्राहियत-उल-खानिया', राजाची शस्त्रविद्या. अर्पण सुलतान मेहमदाला. हा सुलतान पुस्तकांचा भोक्ता आहे, ग्रीक ग्रंथ वाचून घेतो. त्याचा पत्रव्यवहार थेट आपल्या दख्खनपर्यंत आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान आणि तो यांच्यात पत्रं गेली-आली आहेत. त्या राज्याच्या अमलात दौलताबाद, जुन्नर आणि दाभोळ होतं, आणि बीदरला सुलतान अलाउद्दीन अहमदशाहानं थोडीच वर्षं आधी मोठा दवाखाना उघडला होता. इतिहासकार फरिश्ता लिहितो की तिथं मुसलमान हकीम होते तसे हिंदू वैद्यही होते, आणि खर्चासाठी गावं लावून दिली होती. सुलतानाच्या राज्यातून बीदरला पत्र जात होतं, व्यापारी जात होते. हा ग्रंथ मात्र गेला नाही.

तो फार कुठंच गेला नाही. आता जरा लांबची उडी घ्या, पावणेपाचशे वर्षांची. इतक्या काळात त्याच्या मोजून तीन प्रती हाती लागल्या. दोन इस्तंबूलला, एक फातिहच्या मिल्लत ग्रंथालयात आणि एक विद्यापीठाच्या वैद्यकाच्या इतिहास विभागात. तिसरी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. मधल्या शतकांत ऑटोमन शस्त्रवैद्यांनी तो हाताशी ठेवून काम केल्याच्या खुणा फार दिसत नाहीत. ज्या निरक्षर हातांसाठी तो लिहिला त्यांना इतक्या चित्रांची हाती लिहिलेली पोथी परवडणारी नव्हती. छापखाना या भाषेत यायला आणखी अडीचशे वर्षं लागायची होती. ज्यांना परवडत होती ते मदरशातले विद्वान अरबी वाचत. तुर्कीत लिहिल्यानं पुस्तक शिकलेल्यांच्या नजरेतून उतरलं आणि पोथी असल्यानं धंद्यातल्या माणसांपर्यंत उतरलं नाही. ही चूक साबुंजुओलूची नव्हती. त्याच्या विचाराला पुरेल असं साधनच त्या वेळी त्याच्या जगात नव्हतं.

१९३९ मध्ये तुर्की इतिहासकार सुहेल युन्वरनं ग्रंथावर पुस्तक काढलं. १९६० मध्ये ह्युआर आणि ग्र्मेक या दोघांनी पॅरिसच्या प्रतीतली चित्रं छापली आणि मग जगभरचे शस्त्रवैद्य दचकून जागे झाले. १९९२ मध्ये इल्तेर उझेल यांनी पुरा ग्रंथ दोन खंडांत संपादून दिला. त्यानंतर बालशस्त्रवैद्य आपलं प्रकरण काढून पाहू लागले, दंतवैद्य आपलं, मेंदूचे शस्त्रवैद्य आपलं. अमास्याचा तो दवाखाना आता त्याच्याच नावाचं संग्रहालय आहे आणि त्यात ग्रंथातल्या चित्रांवरून घडवलेली हत्यारं मांडली आहेत. लोहाराला चित्र पुरेसं पडलं.

एवढ्यात निघू नका. १४६५ वरून तीन वर्षं पुढे या, पुन्हा अमास्याला. म्हाताऱ्याचा मोठा ग्रंथ सुलतानाच्या नावे होऊन गेला आहे आणि तो नव्याला बसला आहे. 'मुजर्रबनामा' हे त्याचं नाव, आणि यात आपण स्वतः करून पाहिलेलेच औषधयोग तो देतो आहे. नदीपलीकडच्या कड्याकडे नजर टाका. कातळात उंचावर खोदलेली ती दालनं पोंतसच्या राजांच्या कबरी आहेत, दीड हजार वर्षांहून जुन्या. त्याच घराण्यात सहावा मिथ्रिदातीस झाला, जो विषबाधेच्या भीतीनं सगळ्या विषांवर उतारा शोधत राहिला आणि ज्याच्या नावाचा उतारा रोमनांपासून अरबांपर्यंत प्रत्येक औषधग्रंथात पिढ्यान्‌पिढ्या उतरवला गेला. उतरवणारे पुष्कळ. तो खरंच चालतो का, हे पाहणारे थोडे. साबुंजुओलूनं विषावरचा एक उतारा बनवला, तो कोंबड्याला चारला आणि कोंबड्याला साप चाववला. कोंबडा वाचला. मग त्यानं तोच उतारा स्वतः घेतला, सापाला स्वतःला चावू दिलं, आणि दोन्ही प्रयोग तुर्कीत लिहून ठेवले. तेव्हा तो ८३ वर्षांचा होता.